कारणाचा रकाना

माझी धाकटी बहीण आज आहे, धडधाकट आहे, आणि हे लिहायला तिची परवानगी आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बसेल आणि मला जे सांगायचं आहे ते बाजूलाच राहील. सांगायचं आहे ते माझ्याबद्दल. मी तिच्यावर जळत होते. थोडंथोडकं नाही, पाच-सहा वर्षं, रोज, अंघोळ-जेवणासारखं.

आणीबाणी उठली त्या सुमारास मी बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात कारकून म्हणून लागले. आमचं गाव बेळगुंदी. सकाळची बस धरायची, दवाखान्याच्या पायऱ्या चढून उजवीकडच्या खोलीत खिडकीशी बसायचं आणि दाखल होणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद करायची. नाव, वय, गाव, कुणी आणलं, आणि शेवटचा रकाना कारणाचा. महिना संपला की सगळ्या रकान्यांची बेरीज करून एका मोठ्या तक्त्यात भरायची. तो तक्ता बेंगळूरला जायचा आणि तिथून म्हणे दिल्लीला. साऱ्या देशाचे तक्ते तिथं एकापुढे एक मांडून कुणीतरी बघत असे, की कुठल्या भागात माणसं कशाने दवाखान्यात येतात, आणि कुठं कोण स्वतःच्या जिवावर उठतं. आमचे हेडक्लार्क बैलहोंगलकडचे, मोजकं मराठी बोलणारे. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "बाई, सरकारला आपण दिसत नाही. आपला तक्ता दिसतो."

मला त्या बोलण्याची भारी ऐट वाटली. घरात माझं रूप कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हतं. अक्षर तरी दिल्लीला जात होतं.

पण त्या शेवटच्या रकान्यात काय भरलं जायचं हे दिल्लीला ठाऊक नव्हतं. स्वतःच्या जिवावर उठणं तेव्हा कायद्याने गुन्हा होता. तसं लिहिलं की पोलीस येणार, खाटेशी उभं राहून जबाब घेणार, आणि गावभर बोभाटा होणार. मी नवी असताना हिंडलग्याचा एक म्हातारा बाप खिडकीशी हात जोडून उभा राहिला. आत त्याची लेक होती, नुकती न्हाऊन आल्यासारखे केस ओले, डोळे मिटलेले. "पोरीला पोलीस नको, बाई," तो म्हणाला, "चुकून झालं म्हणून लिवा." मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी भिंतीकडे बघितलं. मी लिहिलं, "चुकून."

त्याने मला खिडकीतून नमस्कार केला. आपण पुण्याचं काम केलं असं मला वाटलं. अशा गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. उजवीकडच्या खिडकीतली बाई समजूतदार आहे, ती नीट लिहून घेते, असं बोललं जाऊ लागलं. पुढे तर मी विचारायचेही नाही. माणसाचा चेहरा बघून हात आपोआप चालायचा. चुकून, चुकून, चुकून. त्यात बाया जास्त असायच्या, आणि बऱ्याचशा नव्या लग्नाच्या. निकालाच्या दिवसांत शाळा-कॉलेजची पोरं यायची. कधी एखादा बापई माणूस यायचा आणि त्याच्याबरोबर आलेल्या कुणालाच बोलता यायचं नाही.

तक्ता वर गेला की त्यातून एवढंच दिसायचं की या भागातल्या तरुण बायका भलत्याच वेंधळ्या आहेत. एकदा तर वरून पत्रच आलं. तुमच्याकडे स्त्रियांना चुकून होणारे अपघात फार आहेत, तरी घरातल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायची शिकवण द्यावी. सोबत एक रंगीत चित्र, त्यात एक हसतमुख बाई फडताळाशी उभी. मीच खळ लावून ते बायकांच्या वॉर्डाबाहेर चिकटवलं. हेडक्लार्क लांबून बघत होते.

निपाणीची माणसं आमच्याकडे कमी यायची. त्यांना कोल्हापूर जवळ, शिवाय तिकडे राज्य दुसरं. हद्दीपलीकडे गेलेलं माणूस आमच्या तक्त्यात यायचंच नाही. निपाणीचं नाव आमच्या वहीत क्वचित दिसे, आणि दिसलं की मी तिथं जरा थबकायचे. कारण माझी बहीण निपाणीला दिली होती. खरं तर तिथं मी जायची होते.

तेही सांगते. पाहुणे बघायला येणार होते ते मला. नेमका महिनाअखेर. तक्त्याची बेरीज जुळेना. आडवी एक येई, उभी दुसरी. हेडक्लार्क म्हणाले होते, जा बाई, उद्या बघू. पण माझी ऐट ना. दिल्लीला चूक जायला नको. बेरीज जुळवून मी निघाले तोवर एक बस गेली होती. दुसरीने बेळगुंदीत उतरले तर पाहुणे परतीच्या बससाठी फाट्यावर उभे. मी कोण ते त्यांना ठाऊक नाही, ते कोण ते मला लगेच कळलं. त्यातला उंच होता तो बाजूला झाला आणि त्याने मला वाट दिली. एवढंच. पण आमच्या गावात बाईमाणसाला वाट देणारा पुरुष मी तोवर बघितला नव्हता.

घरी आले तर आईचा चेहरा उजळलेला आणि पडलेलाही. पाहुणे खोळंबले, त्यांना गाडी गाठायची होती, म्हणून तिने धाकटीला पुढ्यात बसवलं होतं. "नुसतं तोवर बसिवलं गं," आई म्हणाली. "तू येस्तवर." धाकटी एकोणीस वर्षांची, गोरी, हसली की गालाला खळी. त्यांनी तिथंच होकार दिला. आप्पा म्हणाले, आलेलं स्थळ घालवू नये, मोठीला नोकरी हाय, तिचं काय अडतंय? धाकटी दाराआड उभी होती. ती रडत होती, आणि मला वाटलं, आनंदाने रडत असणार.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते वहीत कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं. पाव्हणं, म्हणजे फाट्यावरचा तो उंच, आता धाकटीचा नवरा, तंबाखूच्या वखारीत सुपरवायझर होते. त्यांच्याकडे मोटरसायकल होती. त्यांच्या स्वयंपाकघरात नळ होता. आमच्या आईला त्या नळाचं इतकं कौतुक, की आल्यागेल्याला पाणी द्यायच्या आधी नळ सांगायची. धाकटी पंचमीला माहेरी आली की मी तिच्या साडीचा पदर दोन बोटांत धरून बघायची आणि म्हणायची, "रंग जाईल बघ एका धुण्यात." तिला कुणी झोका दिला तर मी झोपाळ्यावरून उतरून जायचे. तिच्या ताटात आईने पुरणाची दोन दिंडं जास्त टाकली तर तीसुद्धा मी मोजायची. एवढी मोठी, नोकरी करणारी बाई मी.

एकदा ती म्हणाली, "आक्का, तुझी नोकरी बरी बघ. सकाळी उठून कुठंतरी जायचं." मी भाकरी थापत होते. मान वर न करता म्हणाले, "ये की मग. बस माझ्या खुर्चीवर. तेवढीच राहिलीया घ्यायची."

त्यानंतर ती मला काही सांगायला आलेली आठवत नाही.

पुढे तिचं येणं कमी झालं. एका पंचमीला आली नाही, दुसरीलाही नाही. आई डोळ्याला पदर लावायची, आणि मी म्हणायचे, आता श्रीमंत झाली, तिला आपलं घर कशाला हवं? तिची पत्रं यायची, पोस्टकार्डावर चार ओळी. मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असाल. सगळ्या पत्रांत त्याच ओळी. मला वाटायचं, किती ही मिजास, बहिणीला लिहायला पाचवी ओळ सुचत नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, तसा तिचा संसार मला दिसायचा. पण मी जवळ गेले तेव्हाही मला डोंगर साजराच दिसला, याला काय म्हणावं?

कारण मी गेले होते. एका रविवारी निपाणीला जाऊन दिवसभर राहिले. नळ बघितला. मोटरसायकल बघितली. तिला अजून मूल नव्हतं, आणि सासू बोलता बोलता कुठूनही त्या विषयावर येत होती. सासू दिवसभर आमच्या मधे बसून राहिली. मी मनात म्हटलं, केवढं हे लाडाचं घर, सुनेला एकटी सोडत नाहीत. बहीण वाळली होती. मला वाटलं, शहरी थेर. संध्याकाळी मला स्टँडवर पोचवायला दोघी आल्या. सासू केळी घ्यायला चार पावलं पुढे गेली तेवढ्यात बहिणीने माझा हात घट्ट धरला.

"आक्का, तुमच्या दवाखान्यात बायांना किती दीस ठेवून घेत्यात गं?"

पाच-सहा वर्षं त्या खिडकीत बसलेली बाई मी. असल्या कितीजणींची नावं मी माझ्या हाताने लिहिली होती. कुणा परक्या पोरीने हे विचारलं असतं तर मी तिला तिथंच खाली बसवलं असतं, पाणी दिलं असतं, विचारलं असतं, का गं, काय झालं? पण ही विचारत होती, माझ्या जागेवर जाऊन बसलेली. मी म्हणाले, "तुला कशाला पायजे? तुझं सगळं नीट हाय की."

"व्हय," ती म्हणाली. बस आली, मी चढले. तिने बस हलेपर्यंत हात वर धरून ठेवला होता.

त्यानंतर दोन महिनेही गेले नसतील. भर दुपार होती, मी डबा उघडत होते. दारात भाड्याची मोटार थांबली आणि तिच्यातून माझ्या बहिणीला उचलून आत नेलं. मागोमाग पाव्हणं, चेहरा पांढराफटक. सासू आत गेली नाही. ती सरळ माझ्या खिडकीशी आली.

"निपाणीच्या डॉक्टरनं पयलं औषिध दिलं," ती धापा टाकत म्हणाली. "कोल्लापूरला न्या म्हणत हुता. आमी म्हटलं, न्हाय. तिथं कोण हाय आपलं? बेळगावात आक्का हाय, आपलं माणूस हाय, ती नीट लिवून घेईल."

निपाणीहून कोल्हापूर जवळ. बेळगाव जवळपास दुप्पट लांब. माझ्या बहिणीचा जीव जात असताना तो वाढीव रस्ता ती माझ्यामुळे आली होती. माझं चांगुलपण तिकडं निपाणीपर्यंत पोचलं होतं, आणि त्यांनी दवाखाना निवडला तो माझा रकाना बघून.

वही पुढ्यात होती. नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं. शेवटच्या रकान्याशी हात थांबला. खरं लिहावं असं मनात आलं, आणि त्याच क्षणी कळलं की ते मनात का आलंय. खरं लिहिलं की निपाणीच्या घरी पोलीस जाणार. वखारीत कुजबुज होणार. नळ, मोटरसायकल, सगळ्यावर पाणी पडणार. आणि आत कुठंतरी, लाज वाटते पण सांगते, मला गोड वाटलं. मी घाबरले. स्वतःची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. लोक म्हणतील, जळकी, बहिणीचं घर मोडायला टपलेलीच होती. ते खोटंही नव्हतं. म्हणून आपण जळकी नाही हे स्वतःला दाखवायला मी सुबक अक्षरात लिहिलं, "चुकून."

आमच्या डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी शर्थ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले. आई-आप्पा बेळगुंदीहून आले होते. पाव्हणं तिच्या पायाशी बसून हुंदके देत होते. आई तिच्या कपाळावरून हात फिरवत होती. मी पायथ्याशी उभी होते, आणि देवाशपथ सांगते, तेव्हाही माझ्या मनात आलं, की माझ्या पायाशी बसून कोण असं रडलं असतं? मला ताप आला तर आई म्हणायची, चुलीपुढं बस जरा, घाम येईल. माणूस मरणाच्या दारातून परत आलेलं असताना त्याचा हेवा करणारी मी एकटीच असेन की आणखी कुणी असतं, मला ठाऊक नाही.

तिला कुणी काही विचारलं नाही. वहीत चुकून होतं, केसपेपरवर चुकून होतं, मग विचारायचं काय? सासू खाटेजवळून हलत नव्हती.

त्या वर्षी आमच्याकडे धारवाडकडच्या एक तरुण डॉक्टरीणबाई बदलून आल्या होत्या. त्यांची एक सवय होती. कागदावर स्वतःहून केलं असं लिहिलेलं असलं की त्या राउंड थांबवायच्या, पडदा ओढून घ्यायच्या आणि खाटेच्या कडेवर बसून त्या माणसाशी बोलायच्या. नर्सा कुरकुरायच्या, राउंड लांबतो म्हणून. असे कागद मुळात कमी, कारण लिहिणारी मी.

तिसऱ्या दिवशी त्या बहिणीच्या खाटेशी आल्या. कागद बघितला, नाडी बघितली. सासूला म्हणाल्या, "अम्मा, घरात बाटलीवर चिठ्ठी लावून ठेवा हां. उद्या सकाळी घरी न्या." आणि पुढे गेल्या. मी औषधांची यादी घेऊन वॉर्डात उभी होते. बहीण त्यांच्या पाठीकडे बघत होती. बाई पुढच्या खाटेशी गेल्या, त्याच्या पुढच्या, मग दाराशी. ती नजर त्यांच्या पाठीवरून हललीच नाही. त्या दाराबाहेर गेल्या तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

मी यादी तिथंच टाकून बाईंच्या मागे गेले. व्हरांड्यात त्यांना गाठलं आणि म्हणाले, "त्या निपाणीच्या मुलीचं मी खोटं लिहिलंय. ती माझी बहीण आहे."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "असं किती वेळा लिहिलं?"

"मोजलं नाही," मी म्हणाले. बेरजेसाठी बस चुकवणारी बाई मी.

त्या परत वॉर्डात गेल्या. सासूला चहाला पाठवलं, ती जाईना तेव्हा नर्सला सांगून पाठवलं. पडदा ओढला. मी बाहेरच्या बाकावर बसले. आतून आधी काहीच ऐकू येत नव्हतं. मग बहिणीचा आवाज यायला लागला, हळू, आणि मग थांबेचना. तासभर ती बोलत होती. शब्द कळत नव्हते. त्या मुलीने सख्ख्या बहिणीला चार ओळींवर पाचवी कधी लिहिली नव्हती, आणि तीन दिवसांपूर्वी तोंड न पाहिलेल्या, मोडकं मराठी बोलणाऱ्या बाईला ती सगळं सांगत होती. मला त्या डॉक्टरीणबाईंचा हेवा वाटला. आतापर्यंतच्या सगळ्या हेव्यांत तोच एक मला बरा वाटतो.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी कामाचं आधी सांगितलं. तिला निपाणीला धाडायचं नाही, माहेरी न्यायचं. काही आठवडे तिला एकटीला ठेवायचं नाही, आणि दर आठवड्याला त्यांच्याकडे घेऊन यायचं. पोलिसांशी त्या स्वतः बोलतील. आणि मी माझी वही दुरुस्त करायची. आत काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. ते बहिणीने मला पुष्कळ उशिरा, तिच्या सवडीने सांगितलं, आणि ते तिचं आहे, इथं लिहिणार नाही.

मी खिडकीशी जाऊन "चुकून"वर आडवी रेघ मारली, वर खरं लिहिलं आणि नियमाप्रमाणे बाजूला सही केली. संध्याकाळच्या सुमारास एक हवालदार आला, कन्नडमध्ये दोन प्रश्न विचारले, बाईंनी उत्तरं दिली, तो कागद घेऊन गेला. आभाळ काही कोसळलं नाही. ज्या भीतीपायी आम्ही सगळे इतकी वर्षं तो एक शब्द लिहीत आलो, ती बरोबर त्या दोन प्रश्नांएवढीच होती.

बाई घरी जायला निघाल्या तेव्हा मी त्यांना पायऱ्यांशी अडवलं. माझ्याच्याने राहवत नव्हतं. विचारलं, "बाई, मी तिची मोठी बहीण. दवाखान्यातच काम करते. मला का नाही सांगितलं तिने?"

त्या एक पायरी उतरल्या आणि परत वर आल्या.

"मीही तेच विचारलं," त्या म्हणाल्या. "ती बोलली, आक्काला कसं सांगू? आक्काला बरं वाटलं असतं."

हे खोटं आहे, असं मला त्यांना सांगता आलं नाही.